शिगेमित्सू मामोरू: परराष्ट्र खात्याचे हात कुठे बांधलेले होते

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात ‘मिसूरी’ या अमेरिकी युद्धनौकेवर जपानतर्फे दोघांनी शरणागतीवर सह्या केल्या. परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू मामोरू यांनी सम्राट आणि सरकारच्या वतीने, तर जनरल उमेझू योशिजिरो यांनी लष्करी मुख्यालयाच्या वतीने. एका देशाला दोन सह्या लागल्या, कारण १८८९च्या मेजी राज्यघटनेने सत्तेच्या दोन वाटा आखल्या होत्या. कलम १३नुसार युद्ध, शांतता आणि तह यांचे अधिकार सम्राटाकडे होते व ते मंत्र्यांच्या सल्ल्याने चालत. कलम ११मधलं सैन्याचं नेतृत्वही सम्राटाकडेच होतं, पण तिथे सल्ला देत जनरल स्टाफ, म्हणजे भूदलाचं सर्वोच्च मुख्यालय, आणि नौदलाचा तसाच स्टाफ. मंत्रिमंडळाला त्यात वाव नव्हता. वकिलातीतले लष्करी अधिकारीही राजदूताला नव्हे, थेट जनरल स्टाफला जबाबदार असत. त्यांची सांकेतिक लिपीसुद्धा वेगळी होती.

या चौकटीत काम करणारे मुत्सद्दी मात्र पारखून घेतलेले होते. १८९४पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र स्पर्धापरीक्षा होती आणि उत्तीर्ण होणाऱ्यांत टोकियो इम्पीरियल विद्यापीठाच्या कायदा शाखेचा भरणा असे. १८८७ साली ओइता प्रांतात जन्मलेले शिगेमित्सू त्याच शाखेतून १९११मध्ये खात्यात आले. बर्लिन, लंडन, पोर्टलंड इथल्या नेमणुका आणि १९१९ची पॅरिस शांतता परिषद असा त्यांचा पुढचा क्रम होता.

त्यांची खरी कसोटी चीनमध्ये लागली. मे १९३०मध्ये त्यांनी चीनच्या नानजिंगमधल्या सरकारशी करार करून चीनचा स्वतःचे आयातकर ठरवण्याचा हक्क मान्य केला. पाश्चात्त्य सत्तांनी तो आधीच मानला होता. जपानच मागे राहिला होता. पण १८ सप्टेंबर १९३१ रोजी मांचुरियात, म्हणजे ईशान्य चीनमध्ये, तैनात असलेल्या जपानच्या क्वांतुंग सेनेने मुकदेन शहराजवळ रेल्वेमार्गावर स्फोट घडवून त्या प्रदेशात मुसंडी मारली. मंत्रिमंडळाने संघर्ष वाढवायचा नाही असं ठरवलं, तरी २१ तारखेला कोरियातली जपानी सेना सम्राटाच्या आज्ञेशिवाय सीमा ओलांडून गेली, आणि दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने तिच्या खर्चाला मंजुरी दिली. सैन्य आधी पुढे जाणार आणि सरकार मागून पैसे देणार, ही रीत तिथेच पक्की झाली. अशा वेळी चीनशी बोलणाऱ्या मुत्सद्द्याच्या शब्दाला काय वजन उरणार?

जानेवारी १९३२मध्ये शांघायमध्ये जपानी आणि चिनी सैन्यांत लढाई पेटली. तहाची बोलणी शेवटच्या टप्प्यात असताना २९ एप्रिलला, सम्राटाच्या वाढदिवसाच्या सोहळ्यात, होंगक्यू बागेत कोरियन स्वातंत्र्यसैनिक युन बोंग-गिल यांनी व्यासपीठावर बॉम्ब टाकला. जनरल शिराकावा पुढे जखमांनी दगावले, अॅडमिरल नोमुरांचा एक डोळा गेला. शिगेमित्सूंनी ५ मे रोजी इस्पितळाच्या खाटेवरूनच युद्धबंदीवर सही केली. त्यांचा उजवा पाय कापावा लागला. चिनी प्रतिनिधी कुओ ताइ-ची यांनाही दोनच दिवस आधी तहाला विरोध करणाऱ्या चिनी निदर्शकांनी मारहाण केली होती. त्यांनीही इस्पितळातच सही केली.

एवढ्यावरून त्यांना शांततेचे पुजारी ठरवणं चुकीचं होईल. १९३३ ते १९३६ या काळात ते परराष्ट्र उपमंत्री होते. चीनला इतर देशांनी कर्ज, विमानं वा लष्करी सल्लागार देऊ नयेत, असं बजावणारं एप्रिल १९३४चं ‘अमाऊ निवेदन’ ज्या धोरणातून आलं, ते घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. चीनवर जपानचा वरचष्मा असावा हे त्यांना मान्यच होतं. मतभेद मार्गाबद्दल होता. पुढे ते मॉस्कोत राजदूत झाले आणि ऑगस्ट १९३८मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री लित्विनोव्ह यांच्याशी बोलून त्यांनी चांगकुफेंग इथली जपान-सोव्हिएत सीमेवरची लढाई थांबवली. त्यानंतर लंडन, मग जपानच्या आश्रयाखाली चीनमध्ये सरकार चालवणाऱ्या वांग जिंगवेईंचं नानजिंग.

एप्रिल १९४३मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा खातं निम्मं उरलं होतं. नोव्हेंबर १९४२मध्ये निघालेल्या बृहत् पूर्व आशिया मंत्रालयाने चीन, मांचुकुओ (जपानने मांचुरियात उभं केलेलं बाहुलं राज्य), थायलंड यांचे व्यवहार काढून घेतले होते. याच प्रश्नावर तोगो शिगेनोरी यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडलं होतं. शिगेमित्सूंनी नोव्हेंबर १९४३मध्ये जपानच्या बाजूच्या आशियाई सरकारांच्या टोकियो परिषदेच्या जाहीरनाम्यात स्वातंत्र्य आणि समानतेची भाषा आणली. त्या परिषदेला नेताजी सुभाषचंद्र बोस निरीक्षक म्हणून हजर होते. मात्र व्यापलेल्या प्रदेशात सत्ता लष्कराचीच राहिली.

युद्धकैद्यांच्या बाबतीत हीच दुफळी सर्वांत घातक ठरली. १९२९च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला मान्यता दिली नव्हती. १९४२च्या आरंभी तो ‘योग्य फेरफारांसह’ पाळू, एवढंच आश्वासन दिलं. कैद्यांच्या छळाबद्दलच्या तक्रारी तटस्थ स्वित्झर्लंडच्या वकिलातीतून परराष्ट्र खात्यात येत, तिथून युद्ध मंत्रालयात जात आणि लष्कराने दिलेलं उत्तर खातं परत पाठवी. छावणीत जाऊन खातरजमा करण्याचा अधिकार खात्याला नव्हता. युद्धानंतर जपानी नेत्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या टोकियोच्या न्यायाधिकरणाने शिगेमित्सूंच्या बाबतीत नेमकं इथेच बोट ठेवलं: इतक्या तक्रारी हाती असताना मंत्र्याला संशय यायला हवा होता, आणि त्याने प्रसंगी राजीनाम्यापर्यंत विषय ताणायला हवा होता. हा निष्कर्ष मला न्याय्य वाटतो, कारण तोगोंनी त्याहून लहान प्रश्नावर पद सोडून दाखवलं होतं. आक्रमक युद्धाचा कट रचल्याच्या आरोपातून शिगेमित्सू सुटले. शिक्षा सात वर्षांची, सर्व दोषींत सर्वांत कमी. न्यायाधिकरणातले भारतीय न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी भिन्न निकालपत्रात सगळ्याच आरोपींना निर्दोष मानलं होतं.

१९५०मध्ये ते पॅरोलवर सुटले आणि डिसेंबर १९५४मध्ये पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले. १८ डिसेंबर १९५६ रोजी जपानला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला, तेव्हा आमसभेत देशाच्या वतीने तेच बोलले. पुढच्याच महिन्यात, २६ जानेवारी १९५७ला, त्यांचं निधन झालं.