कॅप्सूल चित्र

कॅप्सूल चित्र : व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळाच्या नावासह दिसणारे छोटे मुखचित्र. ‘कॅप्सूल’ हा शब्द व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या दुकानातला. इंडी, म्हणजे स्वतंत्र निर्मात्यांच्या तोंडी तो इतका बसला आहे की इतर दुकानांतल्या चित्रालाही ते सर्रास कॅप्सूलच म्हणतात. ट्रेलर, स्क्रीनशॉट, वर्णन या गोष्टी बहुतेक वेळा क्लिक झाल्यावरच नजरेस पडतात. त्याआधी गिऱ्हाइकापुढे असते ते हे चित्र, नाव आणि किंमत. जाहिरातीला पैसा नसलेल्या दोन-तीन जणांच्या चमूची सारी भिस्त म्हणूनच त्यावर असते.

खोक्यावरचे चित्र ही याची आधीची पिढी. 1977 साली अटारी कंपनीच्या कन्सोलसोबत, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रासोबत, ‘कॉम्बॅट’ हा खेळ मिळे. क्लिफ स्पोन यांनी रंगवलेल्या त्याच्या खोक्यावर धडधडणारे रणगाडे आणि विमाने होती. पडद्यावर मात्र रणगाडा म्हणून एक चौकोनी ठोकळा सरके. उरलेले खेळणाऱ्याने खोक्याकडे पाहून मनाने भरून घ्यायचे, असा तो अलिखित करार होता. 2001 च्या ‘इको’ या खेळाचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी दे किरिको या चित्रकाराच्या धर्तीवर लांब सावल्यांचे, जवळपास रिकामे वाटणारे मुखचित्र स्वतः रंगवले. जपान आणि युरोपात तेच छापले गेले. उत्तर अमेरिकेत मात्र वेगळेच, अगदी सामान्य चित्र लावले गेले आणि ते आजही चुकीचा नमुना म्हणून दाखवले जाते. खोके निदान हातात घेऊन उलटून पाहता येई. स्टीमवर 2024 या एका वर्षात 18 हजारांहून अधिक खेळ आले. तिथे चित्राच्या वाट्याला येते ती पानावरून सरकणारी नजर.

स्टीमला एक नव्हे, अनेक चित्रे लागतात. सध्याची मापे पिक्सेलमध्ये अशी : खेळाच्या पानावरचे शीर्षचित्र 920×430, मुख्य कॅप्सूल 1232×706, उभे 748×896, छोटे 462×174 आणि विकत घेतल्यावर लायब्ररीत दिसणारे 600×900. एक आडवा पट्टा, एक जवळपास चौकोन, एक उभा फलक. एकच चित्र कापून सगळीकडे बसवायला गेले की कुठे पात्राचे डोके उडते तर कुठे नाव. म्हणून जाणकार चित्रकार पात्र, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे फाइलमधल्या स्वतंत्र थरांवर, ठेवतो आणि प्रत्येक मापासाठी त्यांची मांडणी नव्याने करतो. काम देतानाच लेयरसकट मूळ फाइल ठरवून घ्यावी. ती नसली की पुढे प्रत्येक बदलासाठी चित्रकाराचे दार ठोठवावे लागते.

खरी कसोटी छोट्या कॅप्सूलची. त्यातून स्टीम आपोआप आणखी दोन आकार काढते, 184×69 आणि 120×45. शोधाच्या यादीत, शिफारशींच्या कडेच्या पट्टीत चित्र दिसते ते असल्या आकारात. मुख्य कॅप्सूलमध्ये दीडशे पिक्सेल रुंद रंगवलेला देखणा चेहरा 120 च्या रुंदीत जेमतेम पंधरा पिक्सेलांचा उरतो. त्यात नाक-डोळे शोधू नयेत. छोट्या कॅप्सूलमध्ये नावाने जवळपास सगळी जागा व्यापावी, असे स्टीमच्या मार्गदर्शिकेतच म्हटले आहे. नवे निर्माते हे वाचतात आणि तरीही मोठे चित्र आक्रसून तिथे टाकतात.

समजा, जुन्या वाड्यातल्या विहिरीत उतरत जाण्याचा एक भयखेळ आहे. पहिल्या कच्च्या चित्रात निर्माता सगळेच घालतो : वाड्याचा दर्शनी भाग, चौक, तुळशीवृंदावन, कोपऱ्यात विहीर, काठावर कंदील घेतलेली मुलगी. मोठ्या पडद्यावर ते छान दिसते. 120×45 मध्ये उरतो तपकिरी गाळ आणि त्यात एक पिवळा ठिपका. आता पाहणारा विहिरीच्या तळाशी उभा आहे अशी कल्पना करावी. वर काळोखात आकाशाची गोल फिकट चकती, तिच्या कडेवरून वाकून पाहणारे एक डोके, खाली ठळक अक्षरांत नाव. काळ्यातली फिकट चकती कुठल्याही आकारात चकतीच राहते, आणि या खेळात खाली उतरायचे आहे हेही न सांगता कळते. वाडा, चौक, तुळस यांची जागा स्क्रीनशॉटमध्ये. कच्चे चित्र आधी सगळ्यात लहान मापात काढावे आणि मग मोठे करत जावे, हा क्रम उलटा वाटला तरी पुष्कळ रंग आणि रात्री वाचवतो.

तपासण्याच्या रीती साध्या आहेत. डोळे किलकिले करून पाहावे. रंग काढून नुसत्या करड्या छटांत पाहावे; आकार वेगळा उठत नसेल तर रंग फार काळ तारणार नाहीत. दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन त्यात आपले चित्र वीस प्रतिस्पर्ध्यांच्या रांगेत चिकटवावे. स्टीमची पार्श्वभूमी गडद निळसर असल्याने काळपट-निळ्या चित्रांच्या कडा तिच्यात विरघळतात, ही गोष्ट अशी रांग लावली तरच ध्यानात येते.

चित्राने सांगायचे काय? बहुतेक निर्मात्यांना कथा सांगायची असते, गिऱ्हाइकाला मात्र खेळाचा प्रकार हवा असतो. शेतीचा निवांत खेळ शोधणारा उजळ आकाश आणि लाकडी पाटीसारखी गोलसर अक्षरे पाहून थांबतो. भयपटाच्या रसिकाला अंधार आणि एखादा लाल डाग पुरतो. हे संकेत पाळले नाहीत तर आपला माणूसच पुढे निघून जातो, आणि तंतोतंत पाळले तर गर्दीत हरवायला होते. यातून सुटका बहुधा एकाच ठसठशीत खुणेने होते. ‘हॉलो नाइट’च्या (2017) निळ्या काळोखातला दोन शिंगांचा पांढरा मुखवटा ही अशी खूण. ‘बॅलॅट्रो’ (2024) हा पत्त्यांचा खेळ जोकर आणि लाल-निळा भोवरा एवढ्यावर ओळखू येतो.

चित्र आणि खेळ यांत अंतर किती चालेल, यावर मतभेद आहेत. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’मधली पात्रे मूठभर पिक्सेलांची, मुखचित्र मात्र जुन्या भयकथेच्या वेष्टनासारखे रंगवलेले, अटारीचा तोच करार. तो चालला, कारण चित्रातली राक्षसांची झुंड खेळात खरोखरच अंगावर येते. चित्रशैली वेगळी असलेली खपते, आश्वासन वेगळे असलेले खपत नाही. पाळीपाळीने खेळायच्या डावपेचाच्या खेळावर तलवारबाजीचे चित्र लावले तर क्लिक मिळतात आणि मागोमाग पैसे परत मागणारेही मिळतात.

अक्षरांकडे होणारे दुर्लक्ष ही या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे. चित्रावर पैसे खर्च करून नाव मात्र फुकटच्या फॉन्टमध्ये वर चिकटवलेले कितीतरी ठिकाणी दिसते. नाव लांब असेल तर अडचण वाढते. चार शब्दांचे नाव 45 पिक्सेल उंचीत बसवताना चित्राला जागाच राहत नाही. देवनागरीत नाव लिहिणाऱ्याची पंचाईत आणखी निराळी. वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, म्हणजे उंचीचा मोठा वाटा त्यांनाच जातो आणि अक्षराचे मूळ अंग बारीक होते. ‘विहीर’सारख्या नावात खालचा भाग मोकळा राहतो, ‘भूतकूप’मध्ये तीही सोय नाही. शिरोरेघ जाड ठेवली तर शब्द एकसंध दिसतो, फार जाड केली तर अक्षरांची पोटे बुजतात.

1 सप्टेंबर 2022 पासून स्टीमने कॅप्सूलवरच्या मजकुराला लगाम घातला. खेळाचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. परीक्षणांतले गुण, पुरस्कारांची नावे-चिन्हे, ‘इतके टक्के सूट’ हे सारे वर्ज्य. खेळात मोठी नवी भर पडली तर तसे सांगणारे चित्र मर्यादित काळासाठी लावता येते. या नियमावर तेव्हा कुरकुर झाली, पण फायदा लहानांचाच झाला. पुरस्कारांच्या पट्ट्या ज्यांच्याकडे नव्हत्या ते निदान चित्रापुरते बरोबरीला आले. जानेवारी 2024 मध्ये स्टीमने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराची माहिती देण्याचा नियम जाहीर केला. तशी नोंद दिसली की काही खेळाडू पानावरूनच परततात, त्यामुळे यंत्राने काढलेले मुखचित्र स्वस्तात पडतेच असे नाही.

परिणाम मोजायला स्टीम निर्मात्याला आकडे देते : चित्र किती वेळा दाखवले गेले आणि त्यातून किती जण पानावर आले. चित्र बदलून आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांची तुलना करण्याची चाल आहे, मात्र मध्ये सेल किंवा एखाद्या यूट्यूबरचा व्हिडिओ आला की आकड्यांचा अर्थ लागत नाही. गुगल प्लेवर दोन चिन्हे एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून पाहण्याची सोय आहे. तिथे मुखचित्राचे बरेचसे काम 512×512 चे चौकोनी आयकॉनच करते. इच.आयओ या इंडी खेळांच्या दुकानात 630×500 चे चित्र सुचवले जाते आणि हलणारे जिफही चालते. हलत्या चित्रांच्या गर्दीत स्थिर चित्रच कधीकधी आधी दिसते, हा तिथला विनोद.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा जुळतो तो पुण्यात. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ 2020 मध्ये निन्टेंडो स्विचवर आणि नंतर पीसीसह इतर यंत्रांवर आला. भाऊ गोलू याला असुरांच्या तावडीतून सोडवायला निघालेली राजी ही त्याची नायिका, आणि खेळाच्या रूपामागे पहाडी लघुचित्रांची प्रेरणा आहे. कुऱ्हाडी आणि चिलखते घातलेल्या वीरांच्या रांगेत भारतीय वेशातली ही मुलगी मुद्दाम काही न करताही वेगळी उठून दिसते.