पारा वारेतून आत कसा शिरतो

पोटातल्या बाळाला वार, म्हणजे प्लॅसेंटा, सगळ्या विषांपासून जपते, असं शिकलीसवरलेली माणसंही ठामपणे सांगतात. जपानमधल्या मिनामातात हा समज फार महाग पडला. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं एक सेंद्रिय संयुग, समुद्रात गेला, माशांत साठला आणि 1956 साली आजाराची अधिकृत नोंद झाली. काही आयांना जेमतेम मुंग्या येत होत्या. त्यांची बाळं मात्र मान धरेनात, बोलेनात.

1972 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाभण उंदरांना मिथिल पारा टोचला. पिल्लं दिसायला अगदी चांगली निपजली. पाण्यात सोडल्यावर मात्र त्यांच्या पोहण्यातले दोष उघड झाले.

मग वार करते काय? कॅडमियम आणि पाऱ्याचे साधे क्षार ती बऱ्याच अंशी स्वतःतच अडवून धरते. मिथिल पारा तिला चकवतो, आणि त्याची रीत विलक्षण आहे. पाऱ्याला गंधकाची भारी ओढ. तो सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाला चिकटतो आणि तयार झालेला रेणू मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखा दिसतो. मेथिओनिन बाळाच्या वाढीला हवंच असतं, म्हणून ते आत घेणारी वाहक प्रथिनं वारेच्या पेशींवर असतात. ती या तोतयालाही आत घेतात.

मेंदूच्या केशवाहिन्यांवरही असेच वाहक आहेत. सिस्टीनची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. सजीव आपल्या प्रथिनांसाठी त्यातलं एल-रूप वापरतात. पांढऱ्या उंदरांत एल-सिस्टीनला जोडलेला पारा झपाट्याने मेंदूत गेला, डी-रूपाला जोडलेला फारसा गेला नाही. सोबत मेथिओनिन दिलं तेव्हाही आवक घटली, कारण वाहकावरची जागा त्याने अडवली. म्हणजे पारा नुसता झिरपत नाही, त्याला उचलून नेलं जातं!

आत गर्भाच्या मेंदूपेशी विभागत आणि आपापल्या जागी सरकत असतात. दोन्ही कामांना लागणाऱ्या सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीच्या आतल्या बारीक प्रथिन-नळ्या, मिथिल पारा मोडतो.

ग्रहणात भाजी चिरली तर बाळाला व्यंग येतं, या निराधार धाकापायी आपल्याकडे गर्भवतीला कोंडून बसवतात आणि त्याच घरात तिला धातूंची कुठलीही न तपासलेली भस्मं बिनदिक्कत चाटवतात. हे थांबायला हवं.

मासे बंद करायचं कारण नाही. मिथिल पारा मोठ्या शिकारी माशांत जास्त साठतो. गरोदरपणात मोरी, म्हणजे शार्क, टाळावी. तारली, बांगडा खुशाल खावेत.