पहिले ओव्हरक्लॉकिंग फसले? दुकानात येण्याआधी एवढे वाचा

(आमच्याकडून सुटे भाग नेऊन घरी स्वतः कॉम्प्युटर जोडणाऱ्या ग्राहकांसाठी)

मशीन जोडून झाले, विंडोज बसले, चार दिवस गेम खेळून झाले की पुढचा विचार ठरलेला असतो: प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अजून थोडा पळवून बघू, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंग. मग रात्री उशिरा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) दोन-तीन आकडे बदलले जातात, स्क्रीन काळी पडते आणि सकाळी आम्ही शटर वर करायच्या आत ग्राहक पायरीवर हजर. "प्रोसेसर जळाला का हो?" बहुतेक वेळा काहीही जळालेले नसते. मशीन फक्त रुसलेले असते, आणि त्याची समजूत घरीच काढता येते.

आधी एक खात्री करा. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'के', 'केएफ' किंवा 'केएस' आहे, त्याचाच मल्टिप्लायर (बेस क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) खुला असतो, आणि तो वाढवायला मदरबोर्डही 'झेड' मालिकेचा लागतो. बी७६० बोर्डावर रॅमचा वेग वाढतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढत नाही. एएमडीचे बहुतेक रायझेन खुले असतात, पण ए५२० सारख्या स्वस्त बोर्डावर ती सोय नसते. बायोसमध्ये पर्यायच सापडत नसेल तर तुमचे काही चुकलेले नाही, बोर्डच तसा आहे. इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या वर्गातला प्रोसेसर असेल, तर ओव्हरक्लॉकिंगचा विचारही करण्याआधी बायोस अपडेट करा. हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून कायमचे अस्थिर होत होते. इंटेलने त्यावर ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्त्या दिल्या, त्या बायोस अपडेटमधूनच मिळतात.

आता काळी स्क्रीन. पहिली गोष्ट म्हणजे थांबा. रायझेन ७००० मालिका आणि डीडीआर५ रॅम असलेले मशीन सेटिंग बदलल्यावर रॅमची जुळवाजुळव नव्याने करते, आणि त्यात काही मिनिटे जाऊ शकतात. पंखे फिरतात, चित्र येत नाही, आणि आपण घाबरून बटण दाबून ते मध्येच बंद करतो. मग सगळे पहिल्यापासून. त्यामुळे चहा करून या. बरेच बोर्ड दोन-तीनदा स्वतःच चालू-बंद होतात आणि जुन्या सेटिंगवर परत येतात, तेही होऊ द्या.

दहा-पंधरा मिनिटांनंतरही चित्र आले नाही, तर सीमॉस पुसायचे, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसायची. भिंतीवरचा स्विच बंद करा, पॉवर केबल काढा आणि कॅबिनेटचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बोर्डावर 'सीएलआर सीमॉस' किंवा तशाच नावाच्या दोन पिना असतात. स्क्रूड्रायव्हरचे टोक दोन्हींना एकदम टेकवून दहा सेकंद ठेवा. पिना सापडत नसतील तर बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, काढून पाच-दहा मिनिटांनी परत बसवा. यात प्रोसेसर, हार्डडिस्क, फोटो यांतले काहीही जात नाही. मात्र बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर येते: रॅमचे एक्सएमपी (रॅम तिच्या वाढीव वेगावर चालवणारे सेटिंग), पंख्यांचा वेग, बूटचा क्रम. शिवाय विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधीच कागदावर उतरवून ठेवा. प्रोसेसर ठणठणीत आणि की सापडत नाही म्हणून अडकलेले मशीन फार वाईट, तिथे आम्हीही काही करू शकत नाही.

मशीन परत चालू झाले की मोह आवरा. तिन्ही आकडे पुन्हा एकदम भरू नका. नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो: मल्टिप्लायर वाढवला, व्होल्टेज वाढवले, त्याच बैठकीत रॅमचे एक्सएमपीही लावले, आणि आता दोषी कोण ते कळायला मार्ग नाही. आधी रॅम तिच्या साध्या वेगावर ठेवा. मल्टिप्लायर एकाने वाढवा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असल्याने ४५ चे ४६ केले की ४.५ चे ४.६ गिगाहर्ट्झ होतात. अर्धा तास पूर्ण भारावर चाचणी, वहीत नोंद, मग पुढची पायरी. आणि व्होल्टेज 'ऑटो'वर सोडून मल्टिप्लायर चढवू नका. मशीन पडू नये म्हणून बोर्ड स्वतःहून भरमसाट व्होल्टेज ओततो, आणि तापमानाचा आकडा पाहून दोष कूलरवर येतो. आम्ही स्वतः हाताने दिलेले व्होल्टेज १.३० व्होल्टच्या वर नेत नाही.

उन्हाळ्याचा हिशेब

कूलर म्हणजे इथे प्रोसेसरवरचा. खिडकीतल्या कूलरकडे नंतर येऊ. कुठलाही नेहमीचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो खोलीच्या तापमानावर काही अंश चढवूनच देतो. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, जानेवारीत, खोली २४ अंशांवर असताना पूर्ण भारावर ७८ अंश दिसले, तर प्रोसेसर खोलीपेक्षा ५४ अंश वर आहे. तेच मशीन, तेच सेटिंग, मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत सुमारे ९२ वर जाणार. संक्रांतीला स्थिर असलेले ओव्हरक्लॉकिंग एप्रिलमध्ये पडते, ते यामुळे. म्हणून हिवाळ्यात सेटिंग करत असाल तर चाचणीत दिसलेल्या आकड्यात पंधरा मिळवा आणि मग ठरवा.

वेग आणि उष्णता एका पट्टीने वाढत नाहीत. उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झ म्हणजे साडेनऊ टक्के वेग. त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३० केले, तर उष्णता जवळपास २८ टक्क्यांनी वाढते. पारा ४२-४३ वर जाणाऱ्या गावात हा सौदा परवडतो का, ते ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत विचाराल तर सोलापुरात व्होल्टेज उतरवण्यात जास्त फायदा आहे. रायझेन ५००० आणि पुढच्या मालिकांत 'कर्व्ह ऑप्टिमायझर' ही व्होल्टेज उतरवण्याची सोय असते. तिथे सगळ्या कोअरना उणे १० द्या, प्रोसेसर थंड राहतो आणि त्या मोकळ्या जागेत स्वतःच थोडा जास्त पळतो. एक खोच आहे: याचा बिघाड चाचणीच्या भाराखाली बहुधा दिसत नाही, मशीन रिकामे बसलेले असताना ते अचानक रिस्टार्ट होते. तसे झाले तर उणे १० चे उणे ५ करा.

तापमान पहिल्याच मिनिटात ९५-१०० ला भिडत असेल, तर सेटिंग सोडा आणि कूलर उतरवून बघा. कूलरच्या तळाचे प्लॅस्टिकचे स्टिकर तसेच राहिलेले आम्ही अनेकदा काढले आहे. लाजू नका, आम्हीही एकदा विसरलो होतो. चारही स्क्रू तिरक्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. उतरवलेला कूलर परत बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ग्राहकांसाठी वेगळे सांगायला हवे. घरात किंवा शेजारी माग चालत असतील तर कापसाचा बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतो. तो धुळीसारखा झटकला जात नाही, त्याचा नमद्यासारखा थर होतो आणि हवा अडते. मऊ ब्रशने महिन्यातून एकदा साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. आणि कॅबिनेट पलंगावर सोलापुरी चादरीवर ठेवून चाचणी करू नका, तिची ऊब थंडीत अंगावर घ्यायला आहे. खालून हवा घेणारे कॅबिनेट तिच्यात गुदमरते.

खिडकीतल्या पाण्याच्या कूलरने कोरड्या उन्हाळ्यात खोली चांगली उतरते, प्रोसेसरलाही त्याचा फायदा होतो. फक्त त्याचा झोत सरळ कॅबिनेटवर घेऊ नका, झोताबरोबर पाण्याचे बारीक शिंतोडेही येतात.

दोष प्रोसेसरचा की लाइटचा?

चाचणी चालू असताना मशीन झटक्यात रिस्टार्ट झाले, तर आधी घरातले घड्याळ किंवा वायफायचा राउटर बघा. लाइट लुकलुकली असेल तर ती चाचणी धरू नका. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद लाइट गेली तरी येते आणि ओव्हरक्लॉकिंग पडले तरी येते, त्यामुळे तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. इन्व्हर्टरवर मशीन असेल तर त्याच्या मागचे बटण 'यूपीएस मोड'वर आहे का पाहा. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ कॉम्प्युटरला झेपत नाही. प्रोसेसरच्या ८ पिनच्या केबलचे टोक नीट आत बसलेले आहे का, तेही चाचपा. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर ओव्हरक्लॉकिंग बाजूला ठेवा आणि आधी वायरमन बोलवून अर्थिंग तपासा.

निळी स्क्रीन (नव्या विंडोज ११ वर ती काळी, मजकुराची असते) आली तर वरच्या मोठ्या वाक्याचा नको, खालच्या कोडचा फोटो काढा. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' किंवा 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' असेल तर बहुधा त्या वेगाला व्होल्टेज कमी पडते आहे. मल्टिप्लायर एकाने उतरवा. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर रॅमकडे बघा, एक्सएमपी बंद करा आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा.

मशीन पडत नाही, पण सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा स्कोअर आधीपेक्षा कमी येतो? बहुधा दोनपैकी एक कारण असते. एक तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो आहे, एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग'पुढे 'येस' दिसेल. नाहीतर रायझेनला व्होल्टेज अपुरे पडते आहे. मग तो पडद्यावर मोठा वेग दाखवतो आणि प्रत्यक्षात कमी काम करतो.

वॉरंटीबद्दल स्पष्ट सांगतो. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे प्रोसेसर चालवून नुकसान झाले, तर इंटेल आणि एएमडी दोघांच्याही नेहमीच्या वॉरंटीत ते बसत नाही. दुकानदार म्हणून आम्ही तिथे शब्द टाकू शकत नाही.

एवढे करूनही जमले नाही तर मशीन घेऊन या. सोबत नोंदींची वही, निळ्या स्क्रीनचा फोटो आणि बायोसच्या पानाचे मोबाइलवर काढलेले फोटो आणा. मॉनिटर, कीबोर्ड नको, ते इथे आहेत. प्रोसेसरवर मोठा एअर कूलर बसवलेला असेल तर रिक्षात कॅबिनेट उभे ठेवू नका. मदरबोर्ड खाली आणि कूलर वर येईल असे आडवे ठेवा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला त्या किलोभर वजनाचा हिसका बोर्डाला बसतो.