पार्श्वभूमी : किनाऱ्याचं पर्यटन, संगणकाचं गणित आणि ‘वहनक्षमता’ नावाचा गुंता

किनाऱ्याच्या पर्यटनाचा आराखडा आधी संगणकावर मांडायचा, किती माणसं आली तर किती पाणी उपसलं जाईल, किती कचरा होईल, वाळूचा पट्टा किती तुडवला जाईल हे आकड्यांत बघायचं आणि मग हॉटेलांना परवानग्या द्यायच्या, ही कल्पना आता कुणाला नवी नाही. कोकणासाठी तिची चर्चा घाटाखाली होते तशी घाटावरही होते, कारण कोकणात जाणारा पर्यटक बऱ्याचदा आमच्याकडचाच असतो. कराडची गाडी कुंभार्ली उतरून गुहागरला जाते, सांगली-मिरजेची आंबा घाटानं रत्नागिरीला नाहीतर गगनबावड्यावरून मालवणला. पण इकडे या विषयावर बोलणं निघालं की गाडी पहिल्याच शब्दाशी अडते. एखादं ठिकाण किती माणसं पेलू शकतं, त्याला कागदोपत्री कुठे ‘वहनक्षमता’ म्हणतात, कुठे ‘धारणक्षमता’. इंग्रजी शब्द एकच, ‘कॅरिंग कपॅसिटी’, मराठी दोन, आणि दोघांचे अर्थ एकमेकांपासून बरेच लांब.

सांगलीत वहनक्षमता म्हटलं की डोळ्यांसमोर कृष्णा येते. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून पात्रात गाळ किती, भराव किती, पुलांचा अडथळा किती, म्हणजे नदीची वहनक्षमता किती घटली, हा चहाच्या टपरीवरचा विषय आहे. इथे अर्थ स्पष्ट आहे : काठ न सोडता सेकंदाला किती पाणी पुढे सरकेल. त्याचं माप क्युसेक. धरणाचं माप वेगळं. कोयनेत १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, ती झाली धारणक्षमता. पावसाळ्यात इथलं शाळकरी पोरसुद्धा या दोन मापांत गल्लत करत नाही.

साताऱ्यात मागे एका छोट्या बैठकीत पर्यटनाच्या मॉडेलचं सादरीकरण होतं. पडद्यावर रंगीत आलेख, खाली मोठ्या अक्षरांत ‘वहनक्षमता’ आणि एक आकडा. पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या रांगेतून उठले. “साहेब, हा आकडा क्युसेकमधला की टीएमसीतला?” सगळे हसले, सादर करणाराही हसला, आणि पुढची स्लाइड आली. उत्तर काही मिळालं नाही. या टिपणात बरीचशी जागा त्याच प्रश्नाला दिली आहे, कारण या विषयाचा इतिहास पाहिला तर तो प्रश्न सगळीकडे असाच हसण्यावारी गेलेला दिसतो.

शब्दाचा उगम समुद्राशीच आहे. एकोणिसाव्या शतकात जहाज किती माल वाहू शकतं, यासाठी तो वापरात आला. तिथून तो कुरणांत गेला : एवढ्या रानावर किती जनावरं पोसतील. कुरणातून वन्यजीवांकडे, आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या वनांमधून पर्यटनाकडे. जहाजाला तो शोभत होता, कारण जहाजाच्या अंगावर पाण्याची रेघ मारता येते. कुरणापर्यंत येतानाच तो ढिला झाला. पाऊस चांगला झाला की कुरणाची क्षमता वाढते, दुष्काळात घटते, हे माणदेशातल्या कुठल्याही मेंढपाळाला विचारा.

१९८१ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय पातळीवर पर्यटनासाठी जी व्याख्या रूढ झाली तिच्यात ‘एकाच वेळी’ असे शब्द आहेत : ठिकाणाची, तिथल्या समाजाची नासाडी न होता आणि येणाऱ्याचाही विरस न होता एकाच वेळी जास्तीत जास्त किती माणसं येऊ शकतात. म्हणजे टीएमसी. प्रशासनाला मात्र दारावर तिकीट फाडायचं असतं, त्याला दिवसाचा आकडा लागतो. म्हणजे क्युसेक. एकातून दुसरं काढायला एक गुणक लागतो, आणि सगळी गोम त्या गुणकात आहे.

हा गुणक १९९२ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या संरक्षित क्षेत्रांसाठी मांडलेल्या पद्धतीतून जगभर पसरला. पद्धत सोपी असल्यानं ती आजही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आणि सल्लागारांच्या अहवालांत सर्रास सापडते. समजा एक पुळण आहे, ५०० मीटर लांब, २० मीटर रुंद. माणशी १० चौरस मीटर धरले तर एका वेळी १,००० माणसं. पुळण दिवसाला दहा तास खुली, माणूस सरासरी दोन तास थांबतो, म्हणजे पाच फेरे. दिवसाचे झाले ५,०००. मग ऊन, पाऊस, जमिनीची धूप यांची टक्केवारी लावून आकडा खाली आणायचा, आणि शेवटी कर्मचारी किती, शौचालयं किती हे बघून आणखी खाली.

आता हे गणित कोकणात लावून बघा. दुपारी बारा ते तीन वाळूवर कुत्रंही फिरकत नाही. सगळी गर्दी साडेचारनंतर, सूर्यास्त बघून परतायला. पाच फेरे होतच नाहीत, फार तर सव्वा फेरा होतो. कागदावर ५,००० बसतात म्हणून तेवढ्यांना सोडलं, तर संध्याकाळी सहा वाजता हजारांच्या जागेत चार हजार उभे. आणि याच सूत्रात माणसाचा थांबायचा वेळ दोनवरून एक तास केला की क्षमता दुप्पट होते! एक घागर पाणी वाढलेलं नसतं, एक गाडी लावायला जागा वाढलेली नसते. तरी ही पद्धत अजून चालते, कारण ती एका एक्सेलच्या पानावर मावते.

संगणकाचा खरा उपयोग इथे आहे, आणि तो पर्यटनवाल्यांच्या आधीच दुसऱ्यांनी ओळखला होता. १९५० च्या दशकात अमेरिकेत कारखान्यांच्या अभ्यासातून साठा आणि प्रवाह यांच्या भाषेत मॉडेल बांधण्याची रीत निघाली. विहिरीतलं पाणी हा साठा, उपसा हा प्रवाह. खोल्या हा साठा, येणारे-जाणारे हा प्रवाह. आणि एकाचा दुसऱ्यावर उलटा परिणाम. १९७२ मध्ये याच रीतीनं साऱ्या जगाच्या वाढीच्या मर्यादा मांडल्यावर ती गाजली. त्याच दशकात अमेरिकेतल्या रानवाटांवर फिरणाऱ्या टोळ्या एकमेकींना किती वेळा भेटतात, याचं संगणकीय अनुकरण झालं. तिथे ‘किती माणसं’ हा प्रश्न नव्हता. चालताना किती वेळा दुसरं माणूस दिसलं तर रान रान वाटेनासं होतं, असा प्रश्न होता. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

किनाऱ्यावरची उदाहरणं त्यानंतरची. १९९१ मध्ये व्हेनिससाठी लिनियर प्रोग्रॅमिंगनं (ठरलेल्या मर्यादांत राहून सर्वात चांगलं उत्तर शोधणाऱ्या गणितानं) काढलेला आकडा रोज सुमारे २२ हजार पर्यटकांचा होता आणि त्यातले जवळपास निम्मे दिवसापुरते येणारे. राहायच्या जागा, जेवणं, पार्किंग, जलवाहतूक, कचरा अशा मर्यादा त्यात घातल्या होत्या. ते शहर या आकड्याच्या कितीतरी पुढे गेलं, आणि दिवसापुरत्या पाहुण्यांवर शुल्क बसायला २०२४ चा एप्रिल उजाडला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर, पोर्ट कॅम्पबेलला, २००० च्या आसपास एकेक गाडी, एकेक बस, एकेक माणूस स्वतंत्र पात्र धरून मॉडेल चालवलं गेलं. बस किती वाजता पोचली की वाहनतळ तुंबतो, हे त्यातून दिसायचं.

फिलिपिन्सचं बोराकाय बेट मला सर्वात बोलकं वाटतं. सांडपाण्यानं समुद्र नासला म्हणून २०१८ मध्ये ते सहा महिने बंद ठेवलं. उघडताना दोन आकडे जाहीर झाले : एका वेळी बेटावर १९,२१५ पर्यटक, आणि दिवसाला नवे येणारे ६,४०५. दुसऱ्याला तिनानं गुणलं की बरोबर पहिला येतो, म्हणजे सरासरी मुक्काम तीन दिवसांचा धरलेला आहे. टीएमसी वेगळं, क्युसेक वेगळं, आणि मधला गुणक उघडा. मागच्या रांगेतल्या आमच्या गृहस्थांना हे उत्तर चाललं असतं.

आपल्याकडे किनाऱ्याचं नियमन आलं ते रेघांच्या रूपानं. फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेनं भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा आखला. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्यानं निघाली, पट्टे बदलले, सवलती वाढल्या. त्यात प्रश्न कायम ‘कुठे बांधायचं’ हाच राहिला, ‘किती जण आणि कोणत्या महिन्यात’ हा नाही. सिंधुदुर्गाला १९९७ च्या एप्रिलमध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर केलं, तेही वाढवायच्या हेतूनं, मोजायच्या नव्हे. महिन्याचा प्रश्न तिथे फार मोलाचा आहे. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या, आंबा तयार, घाटावरची गर्दी खाली उतरते, आणि त्याच महिन्यात तिथल्या विहिरी तळ गाठतात. वर्षाची सरासरी काढणाऱ्या मॉडेलला हे दिसत नाही, कारण जुलैतल्या धो-धो पावसानं त्याची सरासरी हिरवीगार केलेली असते.

आमच्याकडे हा सगळा वाद समुद्राशिवायच होऊन गेला, साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर. २०१२ च्या जुलैत पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली. महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली, राधानगरी. यातलं गाडीतून उतरलं की लगेच पायाखाली येणारं कासच, त्यामुळे लोंढा तिथे वळला. मग शुल्क आलं, ऑनलाइन आरक्षण आलं, आणि दिवसाला ३,००० हा आकडा आला, तीन टप्प्यांत वाटलेला.

त्या ३,००० वर बरंच बोललं गेलं, पण टप्प्यांवर फारसं नाही. टप्पे हीच त्यातली शहाणपणाची गोष्ट होती. सकाळचे बाहेर पडल्याशिवाय दुपारचे आत नाहीत, म्हणजे दिवसाचा आकडा एका वेळच्या आकड्याशी बांधला गेला. अडचण दुसरीकडे आहे. पठार सुमारे १० चौरस किलोमीटर, म्हणजे १ कोटी चौरस मीटर. पुळणीचं सूत्र इथे लावलं तर एका वेळी १० लाख माणसं मावतात! प्रत्यक्षात लोक फिरतात ते दारापासून थोड्या अंतरात. आणि फुलं उगवतात ती जांभ्यावर साचलेल्या बोटभर मातीत. सीतेच्या आसवांचा जांभळा ठिपका तर पाण्याच्या पातळ थरात उभा असतो. सेल्फीसाठी एक बूट तिथे टेकला की त्या जागेचा हंगाम संपला. तो बूट पहिल्या माणसाचा की तीनहजाराव्याचा, याला काही अर्थ नाही. आणि तिकिटं मोजून झाल्यावरही यवतेश्वरच्या घाटात रविवारी दीड-दीड तास अडकलेल्या गाड्या कुठल्याच आकड्यात येत नाहीत. एका सप्टेंबरात आम्ही आमचा सगळा टप्पा त्या घाटातच घालवला. मुलांनी फुलं बघितली ती पुढच्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर.

कुंपणाचा वाद याच काळातला. फुलं वाचवायला लोखंडी जाळी उभी राहिली. तिनं माणसं रोखली तशी जनावरंही. चराई थांबली, गवत वाढलं, आणि बुटकी फुलं त्याखाली दबली, असं गावकरी सांगायला लागले. काही अभ्यासकांनीही तसंच म्हटलं. दुसरी बाजू अशी की जाळी नसती तर पहिल्या चार-पाच हंगामांतच पठाराचं मैदान झालं असतं. पुढे जाळी निघाली. माझा कल गावकऱ्यांकडे आहे, हे लपवत नाही. कुरणावर जनावरं किती, हे मोजायला जो शब्द वाढला, त्याच शब्दाच्या नावाखाली पठारावरची जनावरं हिशेबातून वगळली गेली. साठ्या-प्रवाहाचं साधं मॉडेल जरी मांडलं असतं, तरी गवताचा एक चौकोन काढून त्याला जनावरांची रेघ जोडावीच लागली असती.

महाबळेश्वर-पाचगणीला जानेवारी २००१ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला, तोही मुख्यतः जमिनीच्या वापरापुरता. आता कोयनेच्या बाजूला ‘नवीन महाबळेश्वर’चा आराखडा आला आहे, सुरुवातीला २३५ गावांचा, पुढे आणखी गावं जोडलेला. तिकडे निलगिरीत आणि कोडाईकनालला न्यायालयाच्या आदेशानं ७ मे २०२४ पासून ई-पास सुरू झाला, आणि पुढच्या वर्षी वाहनांचे रोजचे आकडे ठरले : निलगिरीत एरवी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००, कोडाईला ४,००० आणि ६,०००. माणसांऐवजी गाड्या मोजल्या ही सुधारणा म्हणावी लागेल, घाटरस्त्याला गाडीच कळते. पण गर्दीच्या दिवशी मर्यादा वाढते कशी, हे कोडं उरतंच. शनिवारी डोंगर रुंद होत नाही.

कोकणाच्या मॉडेलमध्ये घाटांना पुष्कळदा नुसता ‘प्रवेशमार्ग’ म्हणून एक बाण मिळतो. २०२४ मध्ये कामासाठी गगनबावड्याहून उतरणारा करूळ घाट बंद राहिला, तेव्हा वैभववाडीकडे जाणारी वाहतूक भुईबावड्यावरून आणि फोंड्यावरून वळवावी लागली. सांगलीतून मालवणला निघणाऱ्यांनी वाट बदलली, काहींनी बेतच बदलून रत्नागिरी गाठली. किनारा तोच, पुळण तेवढीच, आणि तिच्यावरची गर्दी मात्र वरच्या एका रस्त्याच्या काँक्रीटनं ठरवली.