युद्धकर्जाची भित्तिपत्रके (बेळगाव सीमाभाग)

युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले रोखे व बचतपत्रे नागरिकांनी विकत घ्यावीत म्हणून टपाल कचेरी, चावडी, रेल्वे स्थानक, शाळा अशा सार्वजनिक जागी लावलेली छापील पत्रके. प्रस्तुत नोंद बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्हा व त्यातील मराठी भाषक सीमाभाग यांपुरती आहे. हा जिल्हा १९४७ पर्यंत मुंबई इलाख्यात, १९५६ पर्यंत मुंबई राज्यात आणि त्यानंतर म्हैसूर (१९७३ पासून कर्नाटक) राज्यात मोडतो. बेळगाव शहराला खेटून असलेले शहापूर मात्र सांगली संस्थानात होते. त्यामुळे पत्रक कोणत्या सरकारचे, हा प्रश्न येथे एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाताना बदलत असे.

उगमाविषयी दोन मते संभवतात. ब्रिटनने पहिले युद्धकर्ज नोव्हेंबर १९१४ मध्ये काढले, १९१५ पासून त्याच्या पत्रकांनी तेथील भिंती भरल्या आणि त्याचीच नक्कल मुंबईत झाली, हे एक मत. फ्रान्समध्येही १९१५ साली नागरिकांनी सोने द्यावे म्हणून चित्रकार आबेल फेव्ह्र याने काढलेले पत्रक गाजले होते; सोन्याच्या नाण्यातला कोंबडा त्यात जर्मन सैनिकावर तुटून पडतो. दुसरे मत देशी शिळाछापाकडे (दगडावर चित्र वा मजकूर उतरवून केलेल्या छपाईकडे) बोट दाखवते. पुण्याच्या चित्रशाळेने (१८७८) आणि रविवर्म्याच्या छापखान्याने (१८९४) रंगीत चित्रे घरोघर पोहोचवली होती. चित्र पाहून मजकूर ऐकायचा ही सवय त्यातूनच लागली होती. मजकूर, व्याजदर व मुदती यांबाबत पहिले मत अधिक ग्राह्य वाटते, कारण कर्जाच्या अटी वरूनच ठरत. मांडणीच्या बाबतीत दुसऱ्यात तथ्य आहे. मात्र पत्रके पूर्णपणे देशी परंपरेतून आली असे म्हणणे ताणल्यासारखे होते.

शिळाछापाचा एक तांत्रिक फायदा द्वैभाषिक जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा होता. चित्राचा दगड तोच ठेवून मजकुराची जागा मोकळी सोडता येई आणि तेथे मराठी, कन्नड किंवा उर्दू मजकूर हाताने लिहून उतरवता येई. मोडीलाही ही रीत छपाईच्या धातूच्या खिळ्यांपेक्षा सोयीची होती. मुंबई सरकारने जुलै १९१७ मध्ये कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध (देवनागरी) लिपी ठरवली आणि त्याच वर्षी पहिले भारतीय युद्धकर्ज निघाले. म्हणून केवळ बाळबोध मजकुरावरून पत्रक उशिराचे ठरवू नये. कुलकर्ण्यांच्या दप्तरातून मोडी त्यानंतरही बराच काळ गेली नव्हती.

बहुतेक पत्रकांवर साल नसते. कालनिश्चितीसाठी चित्रापेक्षा हिशेब अधिक विश्वसनीय. टपाल खात्याची कॅश सर्टिफिकिटे १ एप्रिल १९१७ पासून निघाली. पावणेआठ रुपये (७ रु. १२ आ.) भरले की पाच वर्षांनी दहा मिळत. ‘डिफेन्स सेव्हिंग्ज’चा उल्लेख असल्यास पत्रक १९४० च्या मध्यानंतरचे, दहा रुपयांचे दहा वर्षांनी १३ रु. ९ आ. होत. दहाचे बारा वर्षांनी पंधरा, असा आकडा असेल तर ते ऑक्टोबर १९४३ नंतरचे, कारण तेव्हा नॅशनल सेव्हिंग्ज सर्टिफिकिटे सुरू झाली. आण्यांऐवजी नवे पैसे दिसले तर ते १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असणे अशक्य, म्हणजे ते चिनी आक्रमणाच्या किंवा त्यापुढच्या काळातले. सैनिकाच्या गणवेशावरून काळ ठरवण्याची पद्धत त्यामानाने कच्ची आहे. चित्रकार बहुधा जुन्या नमुन्यावरून काढत.

पहिल्या महायुद्धात भारत सरकारने ब्रिटनला दहा कोटी पौंड देऊ केले आणि त्याच्या भरणीसाठी १९१७ व १९१८ मध्ये कर्जे उभारली. दोन्ही मिळून शंभर कोटी रुपयांवर जमले. बेळगावात हे आवाहन अवघड वेळी आले. २८ एप्रिल १९१६ रोजी स्वराज्याची मागणी करणारी टिळकांची होमरूल लीग याच शहरात स्थापन झाली होती. १० जून १९१८ च्या मुंबईतील युद्ध परिषदेत राज्यपाल विलिंग्डन यांनी टिळकांना बोलताना अडवले. गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे टिळकानुयायी जिल्ह्यात वजनदार होते. त्याच वर्षी पाऊस ओढला आणि इन्फ्लुएन्झाची साथ आली. कलेक्टर, मामलेदार, पाटील ही उतरंड वसुलीची होती. कर्ज ऐच्छिक आहे असे पत्रक सांगत असले तरी ते चावडीवर लागले की रयतेला वेगळे वाटणे स्वाभाविक होते. शिवाय गावच्या सावकारी दरापुढे सरकारी व्याज किरकोळ. रोखे घेणारे मुख्यतः व्यापारी, वतनदार व पगारदार होते असे मानण्यास जागा आहे.

दुसऱ्या महायुद्धात हेतूच बदलला. १९४० च्या रोख्यांत राजनिष्ठेचा सूर होता. १९४३ पासून महागाई आवरण्यासाठी लोकांच्या हातचा पैसा काढून घेणे निकडीचे झाले, तेव्हा पत्रकांत मुलाचे शिक्षण, लेकीचे लग्न, म्हातारपण आले. निपाणीच्या तंबाखू पेठेवर हा दाब दुहेरी होता, कारण तंबाखूवर केंद्रीय अबकारी करही १९४३ मध्येच बसला. मधल्या काळात, १९४२ च्या चळवळीत, उत्तर कर्नाटकात टपाल कचेऱ्या व चावड्या आंदोलकांच्या रोषाला बळी पडल्या. पत्रकांच्या ठरलेल्या जागा नेमक्या याच. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने सैन्याविषयी शहरात आपुलकी होती, ती सरकारी रोख्यांबद्दलच्या भावनेशी एकरूप धरू नये.

१९६२ नंतरच्या पत्रकांत सोने मध्यवर्ती आहे. साडेसहा टक्क्यांच्या सुवर्णरोख्यांत (नोव्हेंबर १९६२) सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ५३ रु. ५८ पैसे असा आंतरराष्ट्रीय दराने धरला होता. तो बाजारभावाहून बराच कमी असल्याने देशभरातून १६.३ टनच सोने आले. सोन्याच्या व्यवहारावर बंधने घालणाऱ्या जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने सोनार हवालदिल झाले, त्यामुळे पेठेत प्रचारक मिळणेही कठीण. ऑक्टोबर १९६५ च्या राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत मुदतीनंतर सोनेच परत मिळणार होते, तेव्हा १३.७ टन जमले. या काळात राज्य शासनाचे पत्रक कन्नडमध्ये, तर केंद्राच्या दृश्य प्रचार संचालनालयाचे साहित्य मराठीसह अनेक भाषांत निघे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असल्याने सीमाभागातील मराठी भाषकांना ते जवळचे वाटले असावे. सीमाप्रश्न धगधगत असतानाही.

१९७१ च्या युद्धाच्या तोंडावर, १५ नोव्हेंबरपासून, पत्रांवर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट सक्तीचे झाले. तो अधिभार होता, परतफेडीचा रोखा नव्हे. त्यामुळे त्याच्या जाहिराती या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत.