'मॉन्गूस'च्या मुळाशी मुंगूस : पार्श्वभूमी

इंग्रजीत 'मॉन्गूस' हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला. लंडनला १६९८ साली छापलेल्या एका प्रवासवर्णनात तो आहे. लेखक ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, १६७०च्या दशकात मुंबई-सुरतेकडे राहिलेला. शब्द पोर्तुगीजांमार्फत गेला असं काही कोश म्हणतात. पण मुंबईतल्या इंग्रजाला मुंगूस दाखवायला गोव्याहून कुणी यायची गरज नव्हती.

खरा घोळ मुळाचा. १८८६च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाने तो तेलुगू ठरवला आणि त्याच नोंदीत 'मंगूस' हे दख्खनी-मराठी रूपही दिलं. यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. इंग्रजांनी शब्द कुणाकडून उचलला? तेलुगू 'मुंगिस'चं दुसरं अक्षर ऱ्हस्व 'गि', कन्नड 'मुंगुसि' इकारान्त. दीर्घ 'गू' आणि शेवटी तुटक 'स्' मराठीतच ऐकू येतो. त्यातला 'ऊ'ही सामान्यरूपात गळतो : मुंगूस, पण मुंगसाला, मुंगसाने. इंग्रजाच्या कानी 'मुंगसाला' पडलं असतं, तर शब्दाच्या शेपटाला इंग्रजीतला 'गूस', म्हणजे हंस, चिकटलाच नसता. अनेकवचन मात्र 'गीस' होत नाही, 'मॉन्गूसेस'च होतं.

मराठीत तो कुठून आला, हा प्रश्न वेगळा. प्राकृतात 'मंगुस', 'मुग्गस' आहेत. संस्कृत 'नकुल'शी त्यांचा संबंध नाही. 'नकुल'मधून हिंदी 'नेवला' निघाला. म्हणून द्राविडी उगम संभवतो, पण तमिळ-मल्याळममध्ये मुंगसाला 'कीरि' म्हणतात, तेव्हा तोही दावा बेतानेच करावा.

अठराव्या शतकात हेच नाव मादागास्करच्या एका लेमूरला, म्हणजे माकडासारख्या प्राण्याला, लागलं. १७६६पासून त्याच्या शास्त्रीय नावात 'मॉन्गोझ' बसलाय तो बसलाच.

पुढे शब्द प्राण्याबरोबर जहाजातून फिरला. १८७२ साली उसातले उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली; १८८३मध्ये त्यांची पिल्लावळ हवाईत पोचली. उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचं. व्हायचं तेच झालं, पक्ष्यांची अंडी फस्त होऊ लागली. हवाईयन भाषेत 'ग' नाही, 'स' नाही, दोघांच्याही जागी 'क' येतो आणि व्यंजनापुढे स्वर लागतोच. तिथे मुंगसाला म्हणतात 'मनाकुके'.