क्लाउड सेवा : पुरवठादाराला ग्राहकाचे किती दिसावे

स्वतःचा सर्व्हर न घेता दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये साठवणूक आणि संगणनशक्ती भाड्याने वापरणे म्हणजे क्लाउड सेवा. आपला डेटा ज्याच्या यंत्रांवर आहे त्याला आपल्या कारभारातले किती कळावे, यावर वाद आहे.

फाइलींतला मजकूर सहसा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात असतो. मात्र त्याची किल्ली बहुधा पुरवठादाराच्याच व्यवस्थेत असते. वापराच्या नोंदी वेगळ्या : कोणते खाते, कुठून, किती वाजता, किती साठा. त्यांशिवाय बिल निघत नाही, हल्लाही ओळखता येत नाही. या नोंदी निरुपद्रवी मानल्या जातात, ते चूक आहे. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार बागांची नोंदणी, रेसिड्यू रिपोर्ट (कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी), शेतकऱ्यांना दिलेले दर आणि कंटेनरची कागदपत्रे क्लाउडवर ठेवत असेल, तर फेब्रुवारी-मार्चमधल्या वापराच्या चढ-उतारावरूनच त्याच्या हंगामाचा अंदाज येतो. फाइल उघडावी लागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘द गार्डियन’ने इस्रायली लष्कराची गुप्तचर तुकडी पॅलेस्टिनींची फोन संभाषणे मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर या क्लाउड सेवेवर साठवत असल्याचे वृत्त दिले. सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयातील एका विभागाच्या काही सेवा बंद केल्या. ग्राहकाचा मजकूर न पाहता, स्वतःच्या व्यावसायिक नोंदींवरून चौकशी केल्याचे कंपनीने सांगितले. गैरवापर रोखण्यासाठी सगळ्यांच्या फाइली चाळल्याच पाहिजेत, हा युक्तिवाद त्यामुळे बराच दुबळा होतो. तरीही ती चौकशी बातमी आल्यावर सुरू झाली, हे विसरता येत नाही.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेतल्या वापराच्या नोंदी) १८० दिवस आणि क्लाउड ग्राहकांची ओळख-माहिती सेवा संपल्यावरही किमान ५ वर्षे ठेवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्यावर आहे. नाशिकच्या रुग्णालयाने रुग्णांच्या नोंदी क्लाउडवर ठेवल्या तरी उत्तरदायी रुग्णालयच. डेटा मुंबईतल्या केंद्रात आहे एवढ्याने निर्धास्त होऊ नये : अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार तिथल्या कंपन्यांकडून परदेशात साठवलेला डेटाही वैध आदेशाने मागता येतो.

डेटा पाठवण्यापूर्वीच एन्क्रिप्ट करून किल्ली स्वतःजवळ ठेवणे हा सर्वांत भक्कम उपाय. मग पुरवठादाराकडचा शोध किंवा एआयची सोय त्या फाइलींवर चालत नाही, आणि किल्ली हरवली तर डेटा कायमचा जातो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या लहान कारखान्याने सगळ्याच फाइलींसाठी हा खटाटोप करण्याची गरज नाही. सुट्या भागांची ड्रॉइंग, दरपत्रके आणि कामगारांचे आधार तपशील मात्र असे एन्क्रिप्ट करूनच ठेवावेत.